बोटीवर ‘जातो’ म्हणायचं नाही

निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे घरोघरी शिकवतात. सगळे जिला वहिनी म्हणत, तिच्या पर्यटकांच्या बोटीवर तर तो नियमच होता. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने ‘येतो’ म्हणायचं. नियम नवऱ्याने केलेला, आणि मोडलाही त्यानेच. मागच्या वर्षी सकाळच्या भांडणाचा राग नाकावर घेऊन तो ‘जातो’ म्हणाला आणि बुडालेल्या जहाजापाशी त्याने उडी मारली. तो वर आला नाही. सापडलाही नाही.

आजची फेरी शेवटची. बोट विकली गेली होती, आणि धक्क्यावर बहीण न्यायला येणार होती. भिंतींशी किती दिवस बोलशील, असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा वहिनीला झोंबलं. कारण ती खरंच भिंतींशी बोलत होती.

पाहुणे तिघेच होते: एक निवृत्त मास्तर, त्यांची बायको आणि बोलघेवडा जावई. आधी खडकावरचे पक्षी बघून झाले. धुणं वाळत घालावं तसे पंख पसरून बसलेले पाणकावळे, आणि त्यांच्याशी जागेवरून तंडणारे कुरव. मग वहिनीने त्याच बुडालेल्या जहाजापाशी नांगर टाकला. तिघांनी चष्मे चढवले, श्वासाच्या नळ्या तोंडात धरण्याआधी शहाण्यासारखं ‘येतो’ म्हटलं आणि ते उतरले. वहिनी एकटी पाण्याकडे बघत राहिली.

पाहुणे वर आले की हाका मारत. नवरा मात्र बोटीच्या तळावर दोनदा ठोकायचा, म्हणजे हिने शिडी सोडायची.

तिघे हाका मारत वर आले. मास्तर खूश होते.

“खाली तुमचा माणूस चांगला आहे हो. खुणा करून जहाजाचा दरवाजा दाखवला.”

“कसा होता?”

“तोंड नाही दिसलं. सारखा वर, तुमच्याकडेच बघत होता.”

वहिनीने शिडी वर ओढून आकड्याला अडकवली.

तळावर दोनदा ठोकल्याचा आवाज आला.

तिघेही बोटीतच होते. वहिनीने शिडी सोडली.

बोट डावीकडे कलली. सासूबाई सरकल्या वाटतं, असं जावई म्हणाला. कोणी हसलं नाही. खडकावरचे सगळे पक्षी एकदम उडाले, आणि त्यातला एकही ओरडला नाही.

वहिनीने शिडी पुन्हा आकड्याला अडकवली. परतताना डाव्या बाकावर कोणी बसलं नाही. बसू नका, असं कोणी सांगितलंही नव्हतं.

धक्क्यावर पाहुणे उतरले. बोट कललेलीच राहिली.

वहिनीने दोर बांधला, शिडी आकड्यावरच आहे हे हाताने चाचपून पाहिलं आणि ती रिकाम्या बाकाकडे वळली.

“अहो, माझा राग तेव्हाच गेला होता. आता मला सोडा.”

धक्क्यावरून बहिणीने हाक मारली. काय म्हणायचं ते वहिनीने ठरवलं होतं. एकच शब्द, तोही तिने आजवर बोटीवर कधी न उच्चारलेला. तिने तोंड उघडलं आणि सवयीने बोलून गेली, “येते.”

ती धक्क्यावर चढली. मागे बोट सावकाश सरळ झाली. वहिनीला हलकं वाटलं.

बहिणीने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि सहज मागे पाहिलं.

“अगं, ती शिडी पाण्यात कोणासाठी सोडलीस?”