जेवल्यावर एक गोळी

"अहो, छत्री बाहेर! माझ्या पुड्या भिजतील!"

सारा ओरडली खरी, पण उशीर झाला होता. दारातल्या त्या उंच माणसानं मोठ्या ऐटीत छत्री मिटली आणि तिच्यातलं आषाढाचं सगळं पाणी थेट टेबलावरच्या गोळ्यांच्या पुड्यांवर शिंपडलं.

"अरेरे... थांबा, थांबा, मी पुसतो —" त्यानं घाईघाईनं खिशातला रुमाल काढला आणि एकेक पुडी पुसायला सुरुवात केली. पुड्या कोरड्या झाल्या, पण पांढऱ्याफटक!

"शाळेत मास्तर आहात वाटतं?" सारानं विचारलं.

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"माझ्या पुड्यांना खडू लागलाय."

तो आधी चपापला, मग इतका मोकळा हसला, की सारालाही हसू आवरेना. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागून जेमतेम तीन आठवडे झालेले, सोनईत ओळखीचं कुत्रं नाही, आणि आज पहिल्यांदाच ती अशी खळखळून हसत होती.

"आरं मास्तरा, पुड्या पुसून झाल्या आसतील तर मला आत घे," मागून एक घोगरा आवाज आला. "भिजून चिंब झाले मी."

ह्या राहीबाई. साठीच्या आसपास, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. योहान मास्तर दोन वर्षांपूर्वी बदलून सोनईत आला, तेव्हा ख्रिस्ती म्हणून दोन घरांनी खोली नाकारली. राहीबाईंनी मात्र "पोरगं हाय, पाऊसपान्यात कुठं जाईल?" म्हणून ओसरीलगतची खोली दिली आणि वर दोन वेळचं जेवणही लावलं. आता तीन महिने त्यांचा खोकला हटत नव्हता.

डॉक्टरांनी तपासलं. क्षय निघाला. घाबरू नका म्हणाले, गोळ्यांनी हमखास बरा होतो, फक्त वर्षभर एक दिवसही खंड पडता कामा नये. मग समजावून सांगायचं काम सारावर आलं.

"मावशी, सकाळी जेवल्यावर एक गोळी, रात्री जेवल्यावर एक. समजलं का?"

"व्हय."

"रिकाम्या पोटी घेतली तर मळमळेल, म्हणून जेवल्यावरच. समजलं?"

"व्हय गं बाय, समदं समजलं."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी गोळ्या न्यायला योहान येऊ लागला. पंधरा दिवसांनी कसला! एकदा डोळ्यात खडूची पूड गेली म्हणून आला, एकदा बोटात खिळा रुतला म्हणून. एकदा तर काहीच झालेलं नव्हतं.

"आज काय दुखतंय?" सारानं मान वर न करता विचारलं.

"तेच आठवतोय..."

"आठवलं की या. बाहेर रांग आहे."

"मी रांगेत शेवटी उभा राहतो ना. तोवर आठवेल."

आणि बाबा खरंच उभा राहिला! पाऊण तास! सारा बाकीच्यांना औषधं देत होती, पण तिचं अर्धं लक्ष रांगेच्या टोकाला होतं. तिथून दोन डोळे तिच्याकडेच बघत होते, आणि तिला ते लई — हो, गावात राहून तिच्या मनातही आता 'लई'च यायचं — लई आवडत होतं.

श्रावण लागला आणि राहीबाईंचं वजन केलं, तर दीड किलोनं कमी! डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "औषध लागू पडत नाही असं दिसतंय. अजून एक महिना बघू. वजन वाढलं नाही, तर नगरच्या मोठ्या दवाखान्यात भरती करावं लागेल."

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी माझं घर सोडून कुठं जायची न्हाई. तिथं गेलेलं मानूस माघारी येत न्हाई."

त्यांना बाकावर बसवून योहान आत आला. आज चेष्टा नव्हती, हसणं नव्हतं. "सिस्टर, मला आई आठवतच नाही. ह्या बाईच्या हातची भाकरी खाल्ली तेव्हा कळलं, आई असती तर कशी असती. काहीतरी करा हो..."

"करते," सारा म्हणाली. काय करणार होती कुणास ठाऊक, पण म्हणाली.

पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर ती राहीबाईंच्या दारात उभी होती. श्रावणाची भुरभुर चालू होती. योहान वह्या तपासत ओसरीवर बसलेला. तिला बघून तो असा ताडकन उठला, की वह्या अंगणभर झाल्या.

"ये पोरी, बस," राहीबाईंनी तिच्यापुढं साबुदाण्याच्या खिचडीची ताटली ठेवली. "आज आमच्याकडं जेवान न्हाई, ह्येच खा."

"जेवण नाही?"

"सोमवार न्हवं का? उपास."

सारानं घास उचलला आणि तिचं लक्ष फळीवर गेलं. तिथं चहाचा पत्र्याचा डबा होता आणि त्यातून तिच्याच हातच्या पुड्या डोकावत होत्या. उठून बघते तर काय, अर्धा डबा भरलेला! आज रिकामा व्हायला हवा होता तो.

"मावशी! तुम्ही गोळ्या घेतच नाही?"

"घेत कशी न्हाई? तू सांगितलं तश्शी घेते. जेवल्यावर. उपासाला जेवतच न्हाई, तर गोळी कशी घ्यू?"

सारा डबा घेऊनच खाली बसली. "आणि... उपास किती दिवस असतात?"

"सोमवार, शनवार हायेतच. एकादशी, चतुर्थी. अन् दुखनं बरं व्हावं म्हनून आता गुरवार बी धरलाय. खोकला वाढला तसा मंगळवार बी देवाला बोलले."

घ्या! औषधाला गुण यावा म्हणून बाई उपास वाढवत होती, आणि जेवढे उपास वाढत होते तेवढ्या गोळ्या कमी होत होत्या. चूक कुणाची? बाईनं तर सांगितलं ते अक्षर न् अक्षर पाळलं होतं. साराला रडूही आलं आणि हसूही.

"आणि मी मूर्ख," योहान कपाळावर हात मारत म्हणाला, "आठवड्यातून चार दिवस त्या खिचडीवर ताव मारत बसलो!"

"मावशी, उपासाला दूध चालतं ना?" सारानं त्यांचे हात धरले. "मग फराळ करायचा, वर दूध प्यायचं आणि त्याबरोबर गोळी. उपास असो, नसो, रोज दोन. गोळी म्हणजे अन्न नाही, उपास मोडत नाही. आणि हे नवे दोन उपास बरं झाल्यावर धरा. समज —" ती थांबली. जीभ चावली तिनं. "नाही. आता तुम्ही मला सांगा, उद्यापासून कसं करणार?"

राहीबाईंनी बोटं मोजत सगळं सांगितलं. एकदा चुकल्या, सारानं पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं.

त्या दिवसापासून दवाखान्यात 'समजलं का' बंद! नुसतं 'हो' चालेना. प्रत्येकानं आपल्या शब्दांत सांगायचं. पहिल्याच दिवशी बन्सी न्हाव्यानं सांगितलं, की खरजेचं मलम तो दुधातून घेणार आहे. सारानं देवाचे आभार मानले.

महिना भरला. राहीबाई वजनकाट्यावर चढल्या. सारा काट्यावर वाकली, योहान तिच्या खांद्यावरून डोकावू लागला. काटा हलला, डुलला आणि थांबला.

"दोन किलोनं वाढलं!" सारा जवळजवळ किंचाळली. डॉक्टर हसले, नगरच्या दवाखान्यासाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली. राहीबाईंनी आधी देवाला हात जोडले, मग साराच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि बाहेर बाकावर जाऊन ऐसपैस बसल्या.

योहान मात्र हलेना. छत्रीची मूठ फिरवत उभा.

"सिस्टर... म्हणजे सारा... माझ्या खोलीला दोन खिडक्या आहेत."

"बरं."

"हवा चांगली येते. पण एकट्याला दोन खिडक्या म्हणजे... तसं मावशींचंही म्हणणं आहे... आणि दिवाळीच्या सुट्टीत मी राहुरीला तुमच्या वडलांना भेटलो असतो, म्हणजे तुमची हरकत नसेल तर..." त्याचे कान लाल झाले होते. "समजलं का?"

"हो," सारा कशीबशी म्हणाली.

योहाननं मान हलवली आणि हळूच हसला. "नुसतं 'हो' इथं चालत नाही. आपल्या शब्दांत सांगा."

असा राग आला तिला! असा गोड राग! ती टेबलावरच्या पुड्या उगाच इकडून तिकडं करत राहिली. बाहेरचा खोकला एकाएकी थांबला होता. बाकावर कुणीतरी कान टवकारून बसलं होतं.

"तुम्ही माझ्या वडलांकडं मला मागणी घालणार," सारा म्हणाली. मग तिनं मान वर केली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "आणि मी तुमच्याशी लग्न करणार. कारण तुम्ही मला आवडता. उपासाच्या दिवशीसुद्धा."

"बराबर सांगितलं गं पोरीनं!" बाहेरून राहीबाई ओरडल्या. "मास्तरा, आता तू म्हनून दाखीव!"