मीठ चाखायची मुभा

"थुंक! आधी तोंडातलं थुंक, आणि मग बोचकं बांध!"

अब्बांचा आवाज असा कडाडला की पुढच्या खोलीतलं शिलाई मशीनही क्षणभर गप्प झालं... स्वयंपाकघराच्या दारात ते उभे होते, गळ्यात शिंपीकामाची टेप, बोटांत खडू, डोळे लालबुंद. शेगडीपाशी त्यांची नवी सून, हातातला डाव तसाच धरून, भिंतीला टेकली होती. या घरातला हा तिचा पहिलाच रमजान.

"गिळलं नाही मी, अब्बा," ती कशीबशी म्हणाली. "नुसतं मीठ बघितलं, जिभेच्या टोकावर. लगेच थुंकले..."

"मला शिकवतेस? भर रोज्यात रस्सा चाटायचा आणि वर तोंड करून बोलायचं? असलं माणूस मला घरात नको! सूर्य बुडायच्या आत चालती हो मामाकडे!"

मामाकडे! आईबाप लहानपणीच गेलेल्या त्या पोरीला मामीनं कसं वाढवलं होतं ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. एकदा परत गेली की त्या दारात तिला पायपुसण्याचीही किंमत उरणार नव्हती. आणि तिचा नवरा? तो पुढच्या खोलीत, मशीनवर, मान खाली घालून, मूग गिळून बसला होता!

मोरीपाशी थोरली उभी होती. थोरली म्हणजे अब्बांची मोठी मुलगी. अम्मी गेल्यापासून या घराचा गाडा एकटीनं ओढणारी, 'मी गेले तर अब्बांचं कोण बघणार' म्हणत आलेली स्थळं परतवणारी, धाकट्या भावाला लहानाचं मोठं करून त्याचं लग्न लावून देणारी... तिच्या हातात त्या वेळी अब्बांचा डबा होता.

तो डबा! रोज्यात स्वतःची थुंकी गिळली तरी रोजा मोडतो, असं कुणीतरी कधीकाळी अब्बांच्या डोक्यात भरवून दिलं होतं आणि ते काही केल्या निघत नव्हतं. म्हणून सुईत ओवताना ते दोऱ्याचं टोक तोंडात धरत नसत, भिजल्या फडक्याला लावत. आणि दिवसभर पायाशी ठेवलेल्या डब्यात थुंकत. पचाक... पचाक... दुपारी तो डबा थोरलीनं उचलायचा, मोरीत ओतायचा, राख लावून घासायचा आणि पुन्हा त्यांच्या पायाशी नेऊन ठेवायचा. इतकी वर्षं झाली, तरी दर वेळी ती तोंड फिरवूनच तो ओतायची.

पण खरं सांगायचं तर थुंकीची एवढी शिसारी तिला येत नसे. तिला किळस यायची ती त्या तोंडाची. लाळेचा थेंब घशाखाली जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपायचं, आणि त्याच तोंडानं गिऱ्हाइकाला हलकट म्हणायचं, शेजाऱ्याच्या पोरीची अब्रू चघळायची, पोटच्या मुलाला चारचौघांत गाढव म्हणायचं! मग संध्याकाळची बांग झाली की ताटावर तुटून पडायचं, भरल्या तोंडानं भाजीला नावं ठेवायची, मोठमोठे ढेकर द्यायचे आणि तिथंच आडवं व्हायचं... हा रोजा? हा? छी! थोरलीला कधी कधी वाटे, एवढ्या उपाशी पोटी माणूस करतो तरी काय? नुसता तोंडातला विषाचा साठा वाढवतो!

तिनं डबा खाली ठेवला, हात धुतले आणि पुढे झाली.

"तिला बोलू नका, अब्बा. चाखायला मीच सांगितलं होतं."

"तू?"

"मीच. जे काय बोलायचं ते मला बोला."

अब्बा ओठ वाकडे करून म्हणाले, "वा! म्हणजे वर्षानुवर्षं तुझेही रोजे असलेच म्हणायचे! अम्मीनं तुला काही शिकवलंच नाही!"

थोरलीच्या जिवाला डंख झाला. कारण तिनं सुनेला जे सांगितलं, ते तिला शिकवलं होतं अम्मीनंच... याच शेगडीपाशी, असाच रस्सा रटरटत असताना. मीठ जास्त झालं म्हणून आदल्याच संध्याकाळी अब्बांनी भरलं ताट भिंतीवर भिरकावलं होतं, आणि भिंतीवरून ओघळणारा रस्सा पुसता पुसता अम्मी लेकीला हळूच म्हणाली होती, "जिभेच्या टोकावर घे, थुंकून टाक, चूळ भर. आपल्याला मुभा आहे. पण ती कशापायी आहे ते अब्बांना सांगायचं नाही हं. त्यांना वाईट वाटेल."

त्यांना वाईट वाटेल! तो शब्द थोरलीनं उरी जपला होता. अम्मीला माती दिली, तरी तो शब्द तिनं मोडला नव्हता. आजही मोडणार नव्हती. सगळं खापर आपल्या डोक्यावर फुटू दे, पण पोर घरात राहू दे, एवढंच तिच्या व्याकुळ मनात होतं.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली. "मास्तर, आहात का? झाला का आमचा कुडता?"

मशिदीतले म्हातारे मौलवीसाहेब ईदच्या कुडत्याचं माप बघायला आले होते. अब्बांचा चेहरा उजळला.

"बरं झालं," ते दात ओठ खात म्हणाले. "आता त्यांच्याच तोंडून ऐका दोघीजणी!"

पडद्याआड दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. सुनेनं थोरलीचा हात घट्ट धरला होता. "आपा, मी जाते ना," ती पुटपुटली. "माझ्यापायी तुमच्या घरात भांडण नको..."

"गप. कुठं जात नाहीस तू."

पलीकडे अब्बा मौलवीसाहेबांच्या अंगावरच्या कुडत्याच्या बाहीला टाचण्या लावत होते. आवाजात एकदम लोणी!

"एक विचारायचं होतं, मौलवीसाहेब. रोज्यात बाईनं रस्सा चाखला, तर काय म्हणायचं?"

"गिळला?"

"थुंकला म्हणते."

"मग रोजा शाबूत आहे तिचा. उगाच चाखू नये, ते चांगलं नाही. पण तसंच कारण असलं तर हरकत नाही."

"चाखायला कसलं आलंय कारण?"

मौलवीसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. "अहो, जुन्या जाणत्यांनी माणसं ओळखून सवलत ठेवलीय. एखाद्या घरात नवरा म्हणा, सासरा म्हणा, असा असतो, की मीठ इकडचं तिकडं झालं की घर डोक्यावर घेतो. तसल्या तापट माणसाच्या बाईला मुभा आहे. बिचारीनं चाखावं, थुंकावं आणि आपला जीव वाचवावा! तुमच्याकडे तसलं कुणी आहे का?"

टाचणी बाहीत अर्धी शिरून थांबली. पडद्याआड थोरली आणखी पुढे सरकली... आता? आता काय बोलतील?

"छे! छे!" अब्बा म्हणाले. "आमच्याकडे नाही बुवा तसलं कुणी."

"मग समजावून सांगा पोरीला, पुन्हा करू नको म्हणावं."

"सांगतो तर!" आणि अब्बांनी पडद्याकडे तोंड करून विजयी आवाजात हाक दिली, "ऐकलंत ना? बांधा बोचकं!"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थुंकीला भिणारा हा माणूस! रोजा तोंडात धरून, अल्लाच्या घरच्या माणसासमोर, एवढं मोठं खोटं एका घासात गिळून मोकळा झाला... आणि त्याची तोंडाला चवसुद्धा लागली नाही! तिनं पडदा फाडावा तसा बाजूला सारला.

"आहे! आमच्याकडे आहे तसला माणूस, मौलवीसाहेब!"

"थोरले!" अब्बा ओरडले.

"ओरडा! अजून ओरडा, त्यांनाही ऐकू दे! भिंतीवर ताटं कोण फेकतं ते सांगा. भाऊ बायकोची बाजू का घेत नाही, ते विचारा त्याला. तुमची थुंकी मी रोज उचलते, अब्बा, त्याचं मला काही नाही. पण तुमच्या तोंडातून जे बाहेर पडतं ना, ते भरायला डबाच नाही या घरात! ते आम्ही गिळतो... आम्ही! मला किळस येते. तुमच्या रोज्याची किळस येते मला!"

बोलून झालं आणि तिचीच तिला भीती वाटली. मशीनवरचा धाकटा उठून उभा राहिला होता. तो आला, बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि खाली बघत का होईना, पण म्हणाला, "ती गेली तर मीही जाईन, अब्बा."

मौलवीसाहेबांनी टाचण्या लावलेला कुडता अलगद उतरवून ठेवला. "लाळ गिळल्यानं काही होत नाही, मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले. "ती आपोआपच जाते घशात. राग मात्र आपण बोलावल्याशिवाय येत नाही. भूक सोसता येते, तर तोही सोसता येईल, म्हणून तर हा महिना." एवढं बोलून ते चपला घालून निघून गेले.

अब्बा मशीनच्या स्टुलावर बसले होते. बसले म्हणजे कोसळलेच. खडूचा तुकडा त्यांच्या मुठीत चुरून गेला होता.

"पोरी," ते सुनेला म्हणाले, पण तिच्याकडे बघायचा धीर त्यांना होईना. "कुठं जाऊ नकोस. हे घर तुझं आहे. मी... मी चुकलो."

सुनेला हुंदका आवरेना. धाकट्यानं तिला हाताला धरून आत नेलं.

मग अब्बांनी थोरलीकडे मान वळवली. "तुला कुणी सांगितलं या मुभेबद्दल?"

"अम्मीनं."

"म्हणजे ती... तीही चाखायची?"

"अंथरुणाला खिळेपर्यंत. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त ओसरलं. इतक्या वर्षांचे रमजान, आणि त्या प्रत्येक संध्याकाळी शेगडीपाशी जिभेच्या टोकावर भीती चाखून उभी राहिलेली ती मुकी बाई... त्यांना आज पहिल्यांदा दिसली.

"ती मला माफ करून गेली ना गं?" त्यांनी विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "शेवटी तूच होतीस तिच्याजवळ. काही म्हणाली असेल... म्हणाली ना?"

एक 'हो' पुरे होता! एका शब्दानं म्हातारा निवांत झाला असता. असे किती गोड शब्द थोरलीनं या घरात आजवर वाटले होते. तो शब्द तिच्या ओठापर्यंत आलाही... पण बाहेर अजून ऊन होतं. बांग व्हायची होती. रोजा तिचाही होता.

"मला माहीत नाही, अब्बा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. "ती काहीच म्हणाली नाही. तुमच्याबद्दल बोलायचीच भीती वाटायची तिला."

अब्बांनी ऐकलं. ओरडले नाहीत. कुणाला बोल लावला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि ते ढसाढसा रडू लागले.

थोरली त्यांच्या पायाशी जाऊन बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर तिनं हात ठेवला. बांग झाली, आतून सुनेनं खजुराची वाटी आणून ठेवली, तरी त्यांचं रडू थांबेना. आणि 'उगी, अब्बा' असं थोरली त्यांना एकदाही म्हणाली नाही.