काट्यांखालची जागा

रुचा, दार लोटून घे. वारं येतंय म्हणून सांगतोय, भीती वाटते म्हणून नाही. आणि गंधार, तो मोबाईल ठेव बाजूला. तुमच्या भुतांना मागे संगीत लागतं. माझ्या गोष्टीत फक्त जेसीबीचा आवाज आहे.

हा जेसीबी गोरक्षचा. माझा शाळेतला विद्यार्थी. पाढे कधी आले नाहीत गड्याला, पण मशीनवर हात असा, की बकेटनं अंडंसुद्धा उचलेल. कर्जतकडच्या एका गावात राधाकृष्ण म्हणून शेतकरी. त्याचं ओढ्याकाठचं दोन एकर रान येड्या बाभळीनं गिळलं होतं. ती नुसती वरून तोडून भागत नाही. मुळी राहिली की पुन्हा फुटलीच. फांद्या दिवसा तोडून जाळून झाल्या होत्या. राहिले होते बुंधे. मशीन दिवसा दुसरीकडे गुंतलेलं, म्हणून काम रात्री. गुरुवार, बावीस डिसेंबर, दोन हजार बावीस. अमावस्या होती, हे गोरक्षला कळलं दुसऱ्या दिवशी. कॅलेंडर बघायची अक्कल आपल्याला नेहमी नंतरच येते.

सुरुवातीलाच राधाकृष्णनं बांधाजवळचं एक झाड दाखवलं. "गोरक्षा, येवढं ठिव बाबा. त्येच्याखाली माजं पोरगं हाय."

तीस वर्षांपूर्वी त्याचा पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला. इतक्या तान्ह्याला आपण जाळत नाही, पुरतो. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काटे अंथरतो आणि काट्यांवर धोंडा ठेवतो. त्यानं येड्या बाभळीच्या फांद्या टाकल्या. शेंगांसकट. त्या शेंगांतूनच हे सगळं रान उठलं.

"ह्येच झाड ना, तात्या?"

"ह्येच... आसंल. छबूला पक्कं ठावं हुतं."

छबूबाई म्हणजे त्याची बायको. ती या कामाच्या पाचच महिने आधी, आषाढात वारली होती.

पावणेबारापर्यंत काम सुरळीत चाललं. गोरक्षनं शेवटचा बुंधा उपटून बाजूला टाकला, त्याखालची माती बकेटमध्ये भरली आणि बकेट वर घेतली. तेव्हा मशीनच्या उजेडात एक बाई दिसली.

पाठमोरी. हिरवं लुगडं. खाली वाकलेली.

"ओ मावशी! बाजूला व्हा!"

तिनं ऐकलं नाही. राधाकृष्ण पुढं गेला. आणि जागीच थांबला. ते लुगडं त्यानंच आणलं होतं. तिला शेवटचं नेसवायला.

"छबू..."

ती एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात जात होती. हातानं माती चाचपायची. थांबायची. पुढच्या खड्ड्यात उतरायची. राखलेल्या झाडाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"तात्या... काय शोधत्यात त्या?"

राधाकृष्ण म्हणाला, "तिलाबी गावंना रं..."

गोरक्षनं इंजिन बंद केलं. दिवे तेवढे चालू. आता फक्त तिची नखं ऐकू येत होती. मातीत. खर्र... खर्र...

"म्या चुकलो गं छबू... भलतंच झाड दावलं म्या..."

नखं थांबली.

ती सरळ उभी राहिली. त्याच्याकडं वळली नाही. मान हळूहळू वर गेली... वर... बकेटकडं.

दिवे गेले.

...

ते दोघं घरी कसे पोचले, हे गोरक्ष मला आजवर सांगू शकलेला नाही. अर्ध्यावर येतो आणि उठून जातो. मीही मग विचारायचं सोडून दिलं.

सकाळी दोघं परत गेले. बकेट तशीच वर होती, माणसाचा हात पुरणार नाही इतक्या उंच. मशीनवर चढून त्यांनी आत पाहिलं. मातीवर बाभळीचे काटे आडवेउभे अंथरलेले. हिरवेगार, आत्ताच तोडल्यासारखे. रानातल्या फांद्यांची राख झाली होती आणि बांधाजवळच्या झाडाची एक डहाळीही मोडलेली नव्हती.

काट्यांवर धोंडा ठेवला होता. लहानसा. तान्ह्या पोराला पेलेल, एवढाच.