दातानं तोडलेला दोरा

मशीन बंद पडलं ते नेमकं शाळेच्या गणवेशांच्या घाईत. मावशीनं नेहमीच्या मिस्त्रीला निरोप धाडला. तो आजारी होता, म्हणून त्याचा भाचा आला. दारातच तो असा काही हसला, की चिमणीची सुई कापडाऐवजी बोटात गेली.

चिमणी म्हणजे मावशीची भाची. वस्तीतल्या त्या एवढ्याशा खोलीत दोघी शिवणकाम करायच्या. मावशीच्या तोंडात दात नव्हते आणि जिभेला हाड नव्हतं.

"मशीनला तेल कधी पाजलं होतंत?" या तरुण मिस्त्रीनं विचारलं.

"आठवत नाही..." चिमणी तोंडावर हात धरून म्हणाली. ती कायम तशीच बोलायची.

"हसू लपवताय, की माझ्या तेलकट हातांचा वास येतोय?"

"इश्श! तसं काही नाही."

तसं नव्हतंच. वर्षभर तिच्या हिरड्या सुजत होत्या. ब्रश केला की रक्त यायचं, म्हणून तिनं ब्रशच सोडला होता. मग तोंडाला वास येऊ लागला. मावशी म्हणायची, "आपल्या घराण्याचे दातच तसे गं. तुझ्या आईचेही चाळिशीआधी गेले." चिमणीनं ते मुकाट मान्य केलं होतं. पण त्या हसण्यानंतर पहिल्यांदाच तिला आपल्या दातांचं फार फार वाईट वाटलं.

मिस्त्री पुन्हा आला. कधी पट्टा सैल म्हणून, कधी उगाच. मावशीनं ओळखलं. "मशीन ठणठणीत आहे रे," ती म्हणाली, "मिस्त्रीचंच काहीतरी बिघडलेलं दिसतंय."

त्या दुपारी मावशी बटणं आणायला गेली होती. तो काहीतरी गमतीचं सांगत होता, चिमणी ऐकता ऐकता रंगून गेली होती... आणि सवयीनं तिनं दोरा दातानं तोडला. पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका उमटला. दोघांनीही पाहिला.

"सुई टोचली," ती घाईनं म्हणाली.

"सुई तर मशीनला आहे," तो हळूच म्हणाला.

तिचे डोळे भरून आले. "तुम्ही जा. परत येऊ नका."

तो गेला नाही. भिंतीकडे तोंड करून त्यानं तोंडात बोटं घालून काहीतरी खटपट केली आणि वळून तळहात तिच्यापुढे धरला. गुलाबी पट्टीवर बसवलेले दोन दात! समोरचे, ते हसणारे...

"हे हसू विकतचं आहे," तो बोबड्या आवाजात म्हणाला. "मीही रक्त लपवत बसलो होतो. दात हलायला लागले तेव्हा दवाखान्यात गेलो. आधी आला असतात तर वाचले असते, म्हणाले डॉक्टर. तुमचे अजून जागेवर आहेत. चला ना... माझ्यासाठी तरी."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, घराण्याचा दोष कशाला काढता, हा हिरड्यांचा आजार आहे. एक हलणारी दाढ काढावी लागली, ती गेलीच. बाकीच्या दातांवरचं किटण त्यांनी खरवडून काढलं. रक्त आलं तरी हलक्या हातानं रोज ब्रश करायचा, असं बजावलं. चिमणीनं ते मनावर घेतलं. हळूहळू सूज उतरली, रक्त थांबलं.

मग एका संध्याकाळी तो आला आणि मशीनवर एक छोटी, धार लावलेली कात्री ठेवली.

"दोऱ्यासाठी," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "आणि मी... विचारणार होतो, की जन्मभर..."

चिमणीनं मान खाली घातली. "आणि म्हातारपणी माझे सगळे पडले तर?"

"माझे दोन आहेत की. आलटून पालटून वापरू."

ती खळखळून हसली. मावशी आतून "काय झालं गं?" म्हणत बाहेर आली, तेव्हा चिमणीचे दोन्ही हात त्याच्या हातांत होते आणि ती अजून हसतच होती.