लक्ष्मीचं आळं

मोबाइल खाली ठेवा पोरांनो, तरच सांगतो. हे इकडून तिकडून ऐकलेलं नाही. आपल्या शहागंजातल्या फारूखवर गुदरलेलं आहे. आज तो चांगला नोकरीला आहे.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा. फारूख शेतकी कॉलेजातून एका सरकारी बागेत दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला आला होता. मुकादम रामकिसन यांनी त्याच्याकडे एक सोनचाफा सोपवला, तोही मरायला टेकलेला. पाच वर्षांपूर्वी तिथंच इंटर्नशिप करणाऱ्या चितेगावच्या लक्ष्मीनं तो लावला, भोवती पाण्यासाठी वीतभर आळं केलं, आणि त्याच संध्याकाळी घरी जाताना पैठण रस्त्यावर ट्रकनं तिला उडवलं. तिची आई वच्छलाबाई दर शुक्रवारी यायच्या. झाडापेक्षा त्या आळ्यालाच जास्त जपायच्या. "ह्याच्यात माझ्या लेकीचा हात हाय. कुनी मोडायचं नाय," म्हणायच्या.

"झाड वाढलं, आळं तेवढंच राह्यलं," रामकिसन फारूखला म्हणाले. "मुळं लांब गेली, पानी मुरतंय खोडापाशी. पन त्या माउलीला सांगनार कोन?"

फारूखचा जीव तुटायचा. झाड वाळलं तर बाई दुसऱ्यांदा लेक गमावणार, आणि आळं मोडलं तरी तेच.

सोळा मे, गुरुवार. उन्हात पाणी टिकत नव्हतं, म्हणून झाडांना रात्रीच द्यायचे. रमजान चालू होता. तरावीहची रात्रीची नमाज पढून फारूख बागेत पोचला तेव्हा साडेदहा वाजले होते. टँकरमधून दोन बादल्या भरून घेतल्या आणि निघाला. चांदणं लख्ख होतं.

सोनचाफ्यापाशी आवाज येत होता.

थप... थप...

एक मुलगी पाठमोरी बसली होती. जुनं आळं मोडलेलं. खोडापासून लांब, फांद्यांच्या टोकाखाली, ती नवी माती थापत होती.

"कोन है?"

थप...

"ओ ताई... मत तोडो वो. उसकी अम्मा..."

हात थांबला. मान वळली नाही.

"इथं वत," ती म्हणाली. "लई तान लागलीय त्याला..."

फारूखनं ओतलं. दोन्ही बादल्या. पाणी आळ्यातून गोल फिरलं. त्यानं वर पाहिलं...

कुणी नव्हतं.

सकाळी वच्छलाबाई आल्या. मोडलेलं आळं पाहिलं आणि त्यांनी फारूखची गचांडीच धरली. "एवढंच ठिवलं होतं रं तिनं माझ्यासाठी! एवढंच!"

रामकिसन मधे पडले तेव्हा कुठं बाईंनी हात सोडला. रडत रडत खाली बसल्या, जुन्या आळ्याची माती ओंजळीत गोळा करू लागल्या.

आणि थबकल्या.

नव्या आळ्याच्या ओल्या मातीवर पंजे उमटले होते. बोटांसकट, एकाला एक लागून, झाडाभोवती गोल. सगळे डाव्या हाताचे.

फारूखनं ती माती शिवलीही नव्हती.

बाईंनी एका पंजावर हलकेच आपला हात ठेवला.

"समदं डाव्या हातानंच करायची," त्या म्हणाल्या. "लई मारलं मी तिला त्यापायी... लई मारलं."