पाखरं उडाली नाहीत

यात पदरचं काहीच घातलेलं नाही. गेल्या पौषात, भातकुलीच्या पुढच्या तलावावर, दिवस मावळायच्या आत हे घडलं. आणि जिच्याबाबतीत घडलं ती रागिणी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही.

रागिणीची आई अमरावतीची लेखिका. जन्मभर त्या तलावावर लिहीत आली. पुस्तकं, लेख, भांडणं... सगळं त्या पाण्यासाठी. तलाव कुणी बुजवू नये म्हणून काठाचं शेतही तिनं विकत घेतलं होतं.

दिवाळीत आई गेली.

आणि त्या दिवशी रागिणी अकोल्याहून ते शेत विकायला आली होती.

"ताई, पाखरायले का सातबारा लागते?" भगवंतराव हसले. प्लॉट पाडायला शेत तेच घेत होते. "तुमच्या आईनं लिहू लिहू आमाले लय सतावलं. आता सोमवारी तुमची सही, मंगळवारी आपला मुरूम!"

बोलत बोलत ते काठाकडं निघाले. आख्खा तलाव फडफडत उठला.

"पाहा, मालकच पयून गेले!"

ती पाखरं कुणालाच जवळ येऊ देत नसत. फक्त आईला. 'पाण्याकडं जाताना मागं वळायचं नाही,' आई सांगायची. 'वळलं की पाखरू बिथरतं.'

भगवंतराव गाडीपाशी जाऊन फोनवर बोलत बसले. पाखरं परत उतरली. शेवटचं पाहून घ्यावं म्हणून रागिणी एकटीच निघाली...

एकही उडालं नाही.

ती थेट पाण्यापाशी पोचली. चक्रवाक हात लावावा इतके जवळ. वारा अंगाला लागत होता...

पण लव्हाळं हलत नव्हतं.

मग सगळ्या माना एकदम वळल्या.

तिच्याकडं नाही...

तिच्या मागं. जराशी डावीकडं.

आई सोबत चालायची तेव्हा तिथंच असायची.

मागून श्वास ऐकू आला... घरघरता. आईला दमा होता.

रागिणी वळली नाही. मान ताठ ठेवून एवढंच म्हणाली, "नाही विकत."

श्वास थांबला.

काठाकाठानं, मागं न पाहता ती गाडीपाशी आली आणि भगवंतरावांनाही तेच म्हणाली.

"काहून? एवढ्यात काय झालं तुमाले?" भगवंतराव चिडले.

शेत तसंच आहे. तलावही.

पण अकोल्याच्या घरी तिच्या खिडकीत पारवे येतात. ती तांदूळ टाकायला गेली की पूर्वी भुर्रकन उडायचे.

आता उडत नाहीत. माना वळवून पाहत राहतात...

तिच्या मागं. जराशी डावीकडं.

रागिणी अजून एकदाही वळलेली नाही.