ओहोटीला येणारा माणूस

"खराट्यानं नाय जायचं ते, बाय. भरती आहे आता."

मी वळून पाहिलं. माझं लुगडं वर खोचलेलं, मी घोट्यापर्यंत घाणीत उभी, हातात खराटा, आणि तोंडातून जे चाललं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. मागच्या दारात एक उंचसा माणूस उभा. खांद्यावर बांबूच्या लांब कामट्यांची मोळी, अंगात विटकी खाकी बंडी. आणि मेला चक्क हसत होता!

"भरती समुद्राला येते," मी म्हटलं, "माझ्या मोरीला नाही."

"मोरीचं गटार समुद्रालाच मिळतं ना? आज अवसेचं उधाण. गटार कुठंतरी तुंबलंय, आणि दर्या मागनं ढकलतोय. तुम्ही किती झाडलंत तरी दर्या काय ऐकणार नाय."

"आणि तुम्हाला कुणी बोलावलं?"

"कुणी नाय. वासानं आलो."

"माझ्याकडे माणसं वासानंच येतात," मी म्हटलं, "पण फोडणीच्या!"

तो पुन्हा हसला. आणि काय सांगू... त्या घाणीत उभी असताना मलाही हसू फुटलं.

मी राही. रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्यावर माझी खाणावळ. नवरा बोटीवर खलाशी होता, तो पाच वर्षांपूर्वी तापानं गेला आणि मी चूल पेटवली. कचेरीतले कारकून, बंदरावरचे लोक, मुंबईच्या बोटीचे उतारू, सगळे माझ्याकडे जेवत. दोन वेळची मिळून चाळीसेक पानं उठायची. एवढ्या माणसांत दिवस जायचा, पण माझ्याशी कुणाचं बोलणं म्हणाल तर "भात आण" आणि "कालवण आण". सगळे गेले की मी चुलीपाशी एकटी बसून उरलंसुरलं खायची. तिखट कमी आहे की जास्त, हे सांगायलासुद्धा समोर कुणी नसे.

मागच्या संडासाचा खड्डा आणि मोरी, दोन्हींचं पाणी सासऱ्यांनी बांधलेल्या एकाच गटारानं जायचं. ते सगळं आता उलटं फिरून माझ्या चुलीपुढं आलं होतं. पावसाळाभर बंद असलेली बोट सोमवारी सुरू व्हायची होती. राहीच्या चुलीपर्यंत मैला आला, एवढं एक वाक्य बंदरावर गेलं असतं तर माझ्या हातचं पाणीही कुणी प्यायलं नसतं. शेजारची कमळा माझ्याकडे भाकऱ्या थापायला यायची. तिला मी सांगून ठेवलं, "राहीला ताप आलाय म्हण सगळ्यांना. खाणावळ चार दिवस बंद."

"कुणाला सांगणार नाही ना?" मी त्या माणसाला विचारलं. माझा आवाज एकदम बारीक झाला होता.

"माझ्याशी बोलतं कोण, की मी सांगेन?" तो म्हणाला. "ओहोटीला येतो. पाच वाजता. मागच्या दारानं."

त्याचं नाव केरू.

पाच वाजता आला तो थेट किनाऱ्यावर गटाराच्या तोंडाशी गेला. कामटीला कामटी बांधत, आत सारत, ओढत राहिला. काथ्या निघाला, वाळू निघाली, माशांच्या खवल्यांचे गोळे निघाले, आणि शेवटी निघाली माझी पितळेची पळी! दोन वर्षांपूर्वी हरवलेली. तिच्यापायी मी कमळेशी महिनाभर अबोला धरला होता.

"चोर सापडला," केरू म्हणाला. "आता कमळाबायची माफी मागा."

"गप्प बसा. ती पळी परत पुरून टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ओहोटी, तिसऱ्या दिवशी पावणेसातला, चौथ्या दिवशी साडेसातला. रोज पाऊण तास पुढं. पाऊण तास किती लांब असतो ते मला तोवर माहीत नव्हतं. मी पाटीभर भांडी राखेनं घासत बसायची आणि कान मागच्या दाराकडे.

काम मात्र तो असं करायचा, की बघत राहावं. नुसतं धुऊन त्याचं समाधान नाही. चुलीपुढची जमीन त्यानं वीतभर खोल उकरली, ती माती पाट्या भरभरून लांबच्या खड्ड्यात नेली, खाली चुना टाकला आणि वर नवी तांबडी माती घालून चोपून काढली. घरभर भिंती गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत चुन्यानं रंगवल्या. मोरीत फिनेल ओतलं. पितळेची भांडी उकळायला लावली आणि मडकी सगळी फोडायला सांगितली.

"लोणच्याचं पण?" मी मडकं पोटाशी धरून उभी.

"माती सगळं पिते, बाय. वरनं कळत नाय."

"तुम्ही फार निर्दयी आहात."

"तुम्ही मडक्यावर फार जीव लावता."

मी मडकं त्याच्या हातात दिलं. ते त्यानं फोडलं, पण माझ्यासमोर नाही, लांब जाऊन.

काम झालं की तो परसातल्या फणसाखाली धोंड्यावर बसायचा. मी करवंटीत चहा ओतून त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवायची. तो उचलायचा, प्यायचा आणि करवंटी स्वतःच फेकून द्यायचा. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. रीतच होती तशी. गावात सहभोजनं होत होती, लोक टाळ्या वाजवत होते. पण ते सभेत.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुम्हाला हा वास सोसवतो कसा हो?"

"येतच नाय. मुंबईला गटारखात्यात सात वर्षं काढली. नाक मेलंय."

"मग पहिल्या दिवशी वासानं आलो म्हणालात ते?"

तो चुन्याच्या बोटांकडे बघत राहिला. "...खोटं."

"मग कशानं आलात?"

"रस्त्यानं चाललो होतो. तुम्ही मोरीला शिव्या घालत होता. इतक्या मनापासून बोलताना मी बरेच दिवसांत कुणाला ऐकलं नव्हतं. म्हटलं बघू... कोण आहे."

"अहो, मोरीशी बोलत होते मी!"

"म्हणून तर आलो," केरू हळूच म्हणाला. "वाटलं, हिलापण बोलायला कुणी दिसत नाय."

मी उगाच कासंडी घासायला घेतली. ती आधीच घासलेली होती.

मग त्यानं स्वतःचं सांगितलं. तो पावसकडचा, कुणब्याचा, आमच्याच जातीचा. गिरणीत काम मिळेना म्हणून गटारात उतरला. गावी परतला तेव्हा भावकीनं वाळीत टाकायचा ठराव केला आणि सख्ख्या भावानं त्याचं पान गोठ्यात मांडलं. दोन दिवस तो तिथं जेवला, तिसऱ्या दिवशी उठून रत्नागिरीत आला. आता किनाऱ्याला एका खोपटात राहायचा. हे सगळं त्यानं हसत हसत सांगितलं, आणि मला रडू आवरेना.

चौथ्या दिवशी काम संपलं. "आता लग्नघर वाटतंय," तो दारातून म्हणाला, माझ्याकडे बघून काहीतरी आणखी बोलणार होता... मग गेला. मी शेणाचं पाणी घेतलं आणि तो बसायचा तो धोंडा शिंपडला, पायरी शिंपडली. कुणी सांगितलं नव्हतं, मनात काही नव्हतं. हात आपसूक चालला. मान वर केली तर केरू समोर. फिनेलचा डबा विसरला होता.

त्यानं धोंड्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या तांब्याकडे.

"तिकडचा कोपरा राहिला," तो म्हणाला.

रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते. तो साधंच बोलला. डबा उचलला आणि गेला. मी तो तांब्या तसाच हातात धरून कितीतरी वेळ उभी होते. स्वतःचा एवढा राग मला जन्मात आला नव्हता.

सोमवारी बोट लागली. पंगत भरली. कचेरीतले काशीराम कारकून, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, भिंती बघून म्हणाले, "वा राही, दिवाळी आधीच? याला म्हणतात स्वच्छता! म्हणून तर आम्ही तुझ्याकडे जेवतो." मी हसले आणि आत जाऊन डोळे पुसले.

केरू काही आला नाही. येणार कशाला? मोरी वाहत होती झुळझुळ. मी मात्र रोज ओहोटीची वेळ मोजत होते, आणि ती टळून गेली की भाताची चव जायची. एवढी चाळीस माणसं, आणि घर रिकामं.

"इतकी झुरतेस तर दुसरं घर कर," कमळा एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली. "आपल्यात विधवेला मुभा आहे गो."

"गटारातल्या माणसाशी? मग माझ्याकडे जेवेल कोण?"

कमळेनं भाकरी उलटली. "तेही खरंच," ती म्हणाली.

पुनवेच्या दिवशी सकाळी मीच तिला किनाऱ्यावर पाठवलं. "सांग, मोरी परत तुंबली. दुपारी ये म्हणावं."

ऐन जेवणाच्या वेळी तो मागच्या दारात आला, खांद्यावर कामट्यांची मोळी. मोरीत डोकावला.

"ही तर कोरडी आहे."

"हो."

"आणि आज पुनवेचं उधाण. तुंबली असती तरी आता काम झालं नसतं. भरती आहे."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "भरती असली की... थांबावं लागतं ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. "बसतो फणसाखाली."

"फणसाखाली नाही. पुढं चला."

"राहीबाय, काहीतरीच काय..."

"पुढं चला म्हणते ना!"

पंगतीत पंधरा माणसं होती. काशीरामांच्या शेजारी मी केळीचं पान मांडलं आणि केरूला बसवलं.

"हा कोण?" काशीरामांचा घास हातातच राहिला.

"हे केरू. अवसेला माझ्या चुलीपर्यंत मैला आला होता. मी तापाचं सोंग केलं. तुमचं जेवण शिजतं त्या चुलीपुढची जमीन यांनी उकरून नवी केली, त्या भिंती यांनी रंगवल्या. तुम्ही वाखाणता ती स्वच्छता यांची आहे. माझी नाही."

काशीराम आधी उठले. मग त्यांच्या पलीकडचा, मग सगळेच. पानं अर्धी टाकून, हात न धुता, चपला शोधत गेले. रस्त्यावरून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि त्यात माझं नाव होतं.

केरू उठला. "मी जातो. आत्ता हाका मारा, परततील. माझ्यापायी चूल विझवू नका."

"ते परततील. तुम्ही याल का परत?"

तो मागच्या दाराकडे वळला.

"त्या दिवशी मी धोंडा शिंपडला, त्याची मला लाज वाटते," मी म्हटलं. "वाटेल तेवढं बोला मला. पण जाऊ नका. पाच वर्षं मी एकटी जेवतेय. चाळीस माणसांना वाढते आणि एकटी जेवते. मला नाही आता जमत. माझ्याशी लग्न कराल?"

"पंधरा माणसं उठवून विचारताय?"

"त्यांच्यासमोर कसं विचारणार? लाज नाही का वाटत मला?"

तो हसला. डोळे भरून आले होते आणि मेला हसत होता. "तुमचं पान कुठाय?" त्यानं विचारलं.

"मी मागून जेवते."

"कुणाच्या मागून? आहे कोण आता?"

त्यानं मोरीवर जाऊन हात धुतले, कोपऱ्यातून एक पान आणून आपल्या पानासमोर मांडलं, आणि मला खांद्याला न शिवता, नुसत्या डोळ्यांनी, खाली बसवलं. भाताचं तपेलं उचललं. माहेर सोडलं तर उभ्या जन्मात मी वाढायलाच शिकले होते, घ्यायला नाही. हात कुठं ठेवावेत तेही कळेना.

"किती वाढू?" केरूनं विचारलं.

"वाढा," मी म्हटलं, "मी पुरे म्हणणार नाही."